साक्षीशिळा घासणारा माणूस

बसडेपोच्या मागच्या गल्लीत, टायरवाला आणि काचवाला यांच्या मधल्या गाळ्यात त्याचं दुकान होतं. दारात अर्धवट घासलेल्या फरशा उभ्या असायच्या. आत कायम पाण्याचा चिखल, आणि चहाच्या कपापासून भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत सगळ्यावर दगडाच्या पुडीचा पांढरट थर. स्वयंपाकघराचे ओटे, जिन्याच्या पायऱ्या, डॉक्टरांच्या नावाच्या पाट्या, मेलेल्यांच्या नावाच्या पाट्या अशी सगळी कामं तो घ्यायचा. शेवटच्या दोन्ही गिऱ्हाइकांना दर एकच लावायचा, आणि त्यावर गल्लीत करता येण्याजोगे सगळे विनोद करून झाले होते.

याशिवाय तो देशाचं परराष्ट्र धोरण कोरायचा.

हे काम त्याच्याकडे वडिलांकडून आलं. गावाच्या टोकाला नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे शेजारी देश. तो लहान असताना एका सकाळी त्या पुलावर गोळीबार झाला आणि अलीकडची बरीच माणसं मेली. पहिली गोळी कुणी झाडली यावर दोन्ही देशांत जाडजूड पुस्तकं आहेत. ती एकमेकांशी बोलत नाहीत. मेलेल्यांत त्याचा थोरला भाऊ होता. तो रॉकेल आणायला पलीकडे गेला होता, कारण पलीकडे रॉकेल मिळायचं. सरकारने पुलाच्या कठड्याचा एक दगड उचलून अलीकडच्या चौकात उभा केला. मागच्या बाजूला गोळ्यांचे टवके तसेच ठेवले, पुढची बाजू घासून सपाट केली आणि तिचं नाव ठेवलं साक्षीशिळा. तिच्यावर मजकूर आणि नावं कोरण्याचं काम गावातल्या पाथरवटाला दिलं. म्हणजे त्याच्या वडिलांना. बापाने आपल्या मुलाचं नाव खालून तिसऱ्या ओळीत कोरलं, हत्यारं धुऊन ठेवली आणि त्यानंतर फक्त पायऱ्याच केल्या.

काळ्या दगडावरची रेघ म्हणजे न बदलणारी गोष्ट, असं आपण म्हणतो. ज्यांनी ही म्हण केली त्यांच्याकडे परराष्ट्र खातं नसावं.

मूळ मजकुरात ही माणसं ‘शेजारी सैन्याच्या निर्घृण गोळीबारात’ मेली होती. पुढे दोन्ही देशांत व्यापाराचा करार झाला आणि पलीकडचे पाहुणे चौकात फुलं वाहायला यायचे ठरले, तेव्हा ती ‘एका दुर्दैवी घटनेत’ मेली. धरणावरून भांडण झालं तेव्हा त्यांनी ‘क्रूर कत्तलीत हौतात्म्य पत्करलं’. गॅसच्या पाइपलाइनचं जमत आलं तेव्हा ती ‘दोन्ही तीरांच्या समान दुःखाचा भाग’ झाली. पाइपलाइनचं फिसकटलं आणि ती पुन्हा कत्तलीत गेली. पूल तोच, सकाळ तीच, माणसं तीच. मरायचं कारण तेवढं राजधानीहून यायचं.

शिळा बदलायला मात्र परवानगी नव्हती. “ती मूळ शिळा आहे,” स्मारक खात्याचे साहेब म्हणायचे. “इतिहासाला हात लावता येत नाही. फक्त मजकूर बदला.” म्हणून दर वेळी चौकाभोवती ताडपत्री लागायची, आणि तो आत बसून ग्राइंडरने जुना मजकूर घासून काढायचा, नवा कोरायचा. गल्लीने त्याचं नाव ‘खोडरबर’ ठेवलं.

“काय खोडरबर, यंदा आपली दोस्ती की दुश्मनी?” टायरवाला विचारायचा. “मला सांग बाबा आधी. पलीकडून ट्यूब मागवायच्या आहेत.”

“रेडिओ ऐक की.”

“रेडिओला उशिरा कळतं.”

यात चेष्टा कमी होती. ताडपत्री लागली की दोन दिवसांत पलीकडच्या मालाचे भाव हलायचे.

अडचण एवढीच होती की वरचा मजकूर घासला की तेवढा भाग खोल जायचा. मग शिळा एका पातळीत आणण्यासाठी खालची नावंही घासून पुन्हा कोरावी लागायची. पहिल्या वेळी त्याने ग्राइंडर खाली सरकवत नेला, आणि खालून तिसऱ्या ओळीपाशी त्याचा हात थांबला.

त्याचं कारण त्याची आई.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. पण दर आठवड्याला ती चौकात जायची आणि त्या ओळीवरून अंगठा फिरवायची. नवऱ्याच्या छिन्नीची टाकी तिला ओळखू यायची. तो अक्षराचा शेवट जरा उजवीकडे ओढायचा, तिथे अंगठा अडायचा, आणि तिथेच ती थोडा वेळ उभी राहायची. रडायची वगैरे नाही. घरी भाजी टाकून आलेय, असं कुणाला तरी सांगून निघायची. एकदा कुठल्याशा वाहिनीच्या बाईने तिच्या तोंडासमोर माइक धरला आणि विचारलं, “आजी, तुमच्या मुलाच्या मारेकऱ्यांना काय सांगाल?” म्हातारी म्हणाली, “तो रॉकेल आणायला गेला होता, तेवढं लिहा. कुणी लिहीतच नाही.” ते प्रक्षेपित झालं नाही.

तेव्हा त्याने ती ओळ सोडली. भोवतीचा दगड खाली गेला आणि भावाची ओळ उंचवट्यासारखी वर राहिली. ते लपवायला त्याने डब्यातल्या तयार लांबीत, रंगारी भिंतीच्या भेगा भरायला वापरतात तिच्यात, दगडाची पूड कालवली. ती भोवती भरून सगळं त्या ओळीच्या उंचीला आणलं, घासलं, आणि वर मजकूर कोरला. कुणाला ओळखू आलं नाही. पुढच्या वेळी काम आणखी सोपं झालं. लांबी मऊ असते, भराभर निघते. फक्त नवी लांबी नीट धरावी म्हणून आतला दगड थोडा खरवडून खडबडीत करावा लागायचा. दर वेळी थोडा. दर वेळी ‘थोडा’ म्हणजे किती, ते त्याने कधी मोजलं नाही. न मोजण्यात त्याची सोय होती.

अशा रीतीने काही वर्षांत शिळा बाहेरून जशीच्या तशी राहिली आणि आतून पापडासारखी झाली. देशाचे शत्रू, मित्र, हुतात्मे आणि समान दुःख हे सगळं लांबीवर होतं. खरा दगड एका ओळीपुरता उरला होता. ती ओळ एका रॉकेल आणायला गेलेल्या मुलाची होती.

“बाकीचा दगड थंडीत गार लागत नाही रे,” आई एकदा जेवताना म्हणाली.

“ऊन असतं तिथे.”

“ऊन माझ्या ओळीवर पडत नाही का?”

त्याने ताटातली भाकरी मोडली. तिने पुन्हा विचारलं नाही.

हे जाणणारं तिसरं माणूस म्हणजे चौकाचा झाडूवाला. साठी ओलांडलेला, वाकलेला, जीभ तिखट. तो मुळात पलीकडचा. तरुणपणी कामासाठी अलीकडे आला, आणि गोळीबारानंतर पूल बंद झाला तो त्याला अलीकडे ठेवूनच. पूल पुन्हा उघडला तोवर पलीकडे एक बहीण सोडून कुणी उरलं नव्हतं. अलीकडची भाषा तो अलीकडच्यांपेक्षा स्वच्छ बोलायचा, पण गावाने त्याचं नाव ‘पलीकडचा’ असंच ठेवलं. खोडरबर त्याला काका म्हणायचा. ताडपत्रीच्या आत दोघंच असायचे, आणि एक जण खरवडायचा, दुसरा पूड झाडायचा.

“मिस्तरी, या वेळी आम्ही राक्षस की भाऊ?” काका विचारायचा.

“भाऊ. पाइपलाइन आहे.”

“मग बहिणीकडे जाऊन येतो. पुन्हा राक्षस व्हायच्या आत. तुला काही आणू?”

“लांबीचा डबा आणा, काका. तिकडची चांगली असते. इकडची फुगते.”

पलीकडची लांबी खरंच चांगली होती, आणि स्वस्त. काका दर फेरीला पिशवीत डबा घेऊन यायचा. पुलावरचा शिपाई झाकण उघडून वास घ्यायचा आणि सोडून द्यायचा.

म्हातारीचं आणि काकाचं वाकडं होतं. म्हणजे ती रोजची गंमत होती.

“पलीकडच्या, कोपऱ्यातली पानं कोण काढणार? तुझी बहीण?”

“मावशी, ती पानं अलीकडच्या झाडाची आहेत. मी हात लावला तर निषेध खलिता जाईल.”

“जीभ बघा मेल्याची,” म्हातारी म्हणायची, आणि घरून आणलेली डब्यातली भाकरी त्याच्या बाकावर ठेवून जायची.

मग देशात नवे प्रमुख आले. त्यांना इतिहासाची फार आवड होती. निदान शेजाऱ्यांच्या संदर्भात तरी. नदीच्या पाण्याच्या वाटपावर बोलणी व्हायची होती, आणि त्यांच्या सल्लागारांचं म्हणणं असं की बोलण्यांना जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, दुःख घेऊन जावं. दुःख आपल्याकडे तयार होतंच. बोलण्यांच्या आदल्या दिवशी प्रमुख चौकात येणार, शिळेवर हात ठेवणार, बोलणार, आणि ते दोन्ही देशांत दिसणार, असा कार्यक्रम ठरला.

मजकूर आला. ‘विसरणार नाही. क्षमा करणार नाही.’ कोरायला सोपा. शिवाय शिळेवर पितळी हाताचा पंजा बसवायचा होता. राजधानीत ओतलेला, दोन माणसांनी उचलावा एवढा जड. त्यावर प्रमुख आपला हात ठेवणार. तो बसवायला खात्याचे फिटर आले. त्यांनी शिळेत चार भोकं पाडायला ड्रिल लावलं.

खोडरबर चौकात हातोडी विसरल्याचं निमित्त करून दुकानातून आला होता. त्याने ड्रिलच्या टोकातून पडणारी पूड पाहिली. दगडाची पूड कोरडी पडते. ही चिकट, गोळ्या होऊन पडत होती. फिटर म्हणाला, “मऊ आहे हो तुमची शिळा. लोण्यासारखी.”

“जुनी आहे,” तो म्हणाला.

त्याच क्षणी सांगता आलं असतं. आत दगड नाही, पंजा पेलणार नाही. पण मग का नाही, कधीपासून नाही, आणि कुणाच्या परवानगीने नाही, तेही आलं. साहेब तिथेच उभे होते, चष्मा पुसत. त्याने हातोडी शोधली, जी त्याच्या पिशवीतच होती, आणि घरी गेला. बायकोला म्हणाला, धरेल बहुतेक.

धरलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काका चौक झाडत असताना पंजा आपल्या वजनाने पुढे झुकला आणि शिळा मधोमध फाटून खाली आली. आवाज डेपोपर्यंत गेला. पोलीस धावत आले तेव्हा त्यांना दिसलं ते एवढं: साक्षीशिळेचे तुकडे, आणि त्यांच्या मधोमध हातात दांडा धरलेला एक माणूस, जो पलीकडचा होता. झाडूचा दांडा होता, पण पंचनाम्यात ‘दांडा’ एवढंच आलं.

प्रमुख ठरल्या वेळी आले. तुकड्यांसमोर उभे राहिले. जुनं भाषण त्यांनी खिशात ठेवलं, असं वार्ताहरांनी कौतुकाने लिहिलं. नवं भाषण जास्त चांगलं झालं. “ज्यांनी आमची माणसं मारली, त्यांना आमची आठवणही सहन होत नाही,” ते म्हणाले. गर्दी अशी गरजली की डेपोतल्या चालकांनी हॉर्न वाजवून साथ दिली. दुपारी बोलणी रद्द झाली. संध्याकाळी पूल बंद.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणतात. इथे काकावर फाशीचं कलम खरोखरच लागलं होतं.

घरी त्या रात्री कुणी जेवलं नाही. सकाळी आईने चप्पल घातली आणि दाराशी बसली.

“कुठे?” त्याने विचारलं.

“मी कुठे नाही. तू. जाऊन सांग.”

बायको स्वयंपाकघरातून आली. “काय सांगणार, आई? की यांनी केलं? मग ते आत. दुकान बंद. आणि लोक काय म्हणतील, माहीत आहे? देशाच्या शिळेत लांबी भरली! दगड मारतील दारावर.”

“दगड कमी पडणार नाहीत,” तो म्हणाला. “दुकानाबाहेरच आहेत.”

“विनोद करा तुम्ही.”

“तो पलीकडचा मरेल,” आई म्हणाली. “तू मरणार नाहीस. तुला वर्षभर ठेवतील, फार तर दोन. अलीकडचा आहेस.”

यात खोट काढता येत नव्हती. थोड्या वेळाने बायकोने त्याला धुतलेला सदरा काढून दिला आणि म्हणाली, “नीट सांगा. अडखळू नका. तुम्ही अडखळलात की खोटं वाटतं.”

स्मारक खात्याची कचेरी जुन्या शाळेच्या इमारतीत होती. साहेबांच्या टेबलावर शिळेची छोटी प्रतिकृती होती, कागद दाबायला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावलं, त्याला बसवलं, चहा सांगितला. त्याने सगळं सांगितलं, अजिबात न अडखळता. वडिलांची ओळ, लांबी, खरवडणं, ड्रिलची चिकट पूड.

साहेबांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

“म्हणजे गेली काही वर्षं आम्ही लांबीला फुलं वाहिली.”

“हो, साहेब.”

“परदेशी पाहुण्यांनी लांबीसमोर मान झुकवली.”

“झुकवली.”

“मीसुद्धा.”

“तुम्हीसुद्धा.”

“अहो, मग हे मला आधी का नाही सांगितलंत?” साहेब कळवळून म्हणाले. आणि लगेच, “नाही, आधी सांगितलं नाहीत तेच बरं झालं.” ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. “हे बघा, राजधानीहून तीन देशांना खलिते गेलेत. उद्या मी त्यांना सांगू की शिळा आमच्याच पाथरवटाने आईसाठी पोखरली?”

“खरं तेच आहे.”

“खरं असेल हो. पण कुठे ठेवू मी ते? या कचेरीत त्याला जागा नाही.”

“काका सुटायला पाहिजे, साहेब. त्याने काही केलं नाही. तो झाडत होता.”

साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड चोळलं. मग म्हणाले, चौकशी समितीचे लोक गावातच आहेत, त्यांना सांगा. माझ्या हातात नाही. आणि स्वतः त्याला घेऊन गेले. हे त्यांनी नसतं केलं तरी चाललं असतं. एका अर्थी तेच बरं झालं असतं.

समितीत तिघं होते, आणि तिघंही फार सौजन्याने वागले. त्याचं बोलणं कुणी तोडलं नाही. त्याला वाटलं, आपलं ऐकताहेत. ते खरंच ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर त्यांच्यातल्या सर्वांत तरुणाने एकच प्रश्न विचारला.

“ही लांबी तुम्ही कुठून घ्यायचात?”

अडखळू नका, असं बायकोने सांगितलं होतं.

“पलीकडून,” तो म्हणाला.

“तुम्ही जायचात?”

“नाही. काका आणायचा. बहिणीकडे गेला की.”

“प्रत्येक वेळी?”

“पूल उघडा असला की.”

तरुणाने दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्याने पेन उघडलं. खोलीत काहीतरी बदललं, हे त्याला कळलं. काय ते कळेपर्यंत उशीर झाला होता. “अहो, ती चांगली असते म्हणून,” तो घाईघाईने म्हणाला. “इकडची फुगते. मीच सांगायचो त्याला. मी सांगायचो, आणा म्हणून.” आता मात्र तो अडखळत होता.

“तुम्ही देशाची फार मोठी मदत केलीत,” सर्वांत वयस्कर गृहस्थ उठून त्याचा हात हातात घेत म्हणाले.

अहवाल महिन्याभरात आला. त्यात कुठेही खोटं नव्हतं, हे नमूद करायला हवं. शेजारी देशात तयार झालेला पदार्थ शेजारी देशाच्या एका माणसाने अनेक वर्षं गुप्तपणे, म्हणजे पिशवीतून, आणला. तो पदार्थ शिळेत भरण्यात आला. त्यामुळे शिळा आतून पोखरली गेली आणि योग्य वेळी, म्हणजे प्रमुखांच्या भेटीच्या सकाळी, कोसळली. स्थानिक कारागिराच्या भोळेपणाचा फायदा घेण्यात आला. भोळा कारागीर म्हणजे तो. त्याचं छायाचित्रही छापून आलं, धुतलेल्या सदऱ्यात.

त्याने पुन्हा खेटे घातले. कचेरीत, न्यायालयात, एका वर्तमानपत्रातही. न्यायालयात त्याची साक्ष झाली, सरकारी पक्षाकडून. तो जे जे खरं बोलला ते ते सरकारी वकिलांनी मोठ्या आवाजात पुन्हा वाचलं. बचावाचा वकील सरकारनेच दिलेला, त्याने विचारलं, “लांबी चांगली होती का?” त्याला बहुधा मदतच करायची होती. “चांगली होती,” तो म्हणाला. न्यायाधीशांनी तेही टिपलं. फाशी झाली नाही, जन्मठेप झाली. प्रमुखांनी त्यात आपल्या संस्कृतीची क्षमाशीलता दिसते असं सांगितलं. मजकुरातल्या ‘क्षमा करणार नाही’ची आठवण त्यांना कुणी करून दिली नाही.

गल्लीत त्याला आता कुणी खोडरबर म्हणत नव्हतं. टायरवाला आपल्या दुकानातून उठून त्याच्याकडे चहा घेऊन यायचा, साहेबांना द्यावा तसा. “तुम्ही होतात म्हणून उघडकीला आलं हो,” तो म्हणाला. इतकी वर्षं अरे-तुरे करणारा टायरवाला ‘तुम्ही’ म्हणाला, त्या दिवशी तो दुकान लवकर बंद करून घरी आला.

शिळेचे तुकडे राजधानीच्या संग्रहालयात काचेआड गेले. भावाची ओळ सर्वांत मोठ्या तुकड्यावर आहे. खरा दगड तोच असल्याने तो अखंड राहिला. आई चौकात जायची थांबली. चौकात तिच्यासाठी आता काही नव्हतं. एकदा तो तिला बसने राजधानीला घेऊन गेला. तिने काचेला अंगठा लावला. रखवालदार म्हणाला, “आजी, हात लावू नका, डाग पडतात.” ती म्हणाली, “बरं.” घराजवळ आल्यावर म्हणाली, “त्या पलीकडच्याला भाकरी कोण देतं रे आता?”

तेव्हा तो तुरुंगात गेला. इतके दिवस गेला नव्हता, आणि का गेला नव्हता ते सांगायला नको.

भेटीच्या खोलीत मधे जाळी होती. काका आणखी वाकला होता, पण दाढी केलेली होती.

“ये, मिस्तरी. बस. तुला कुणी सांगितलं होतं रे खरं बोलायला?”

“आईने.”

“मावशीने? मग काही बोलता येत नाही.” काकाने जाळीवरून बोट फिरवलं, धूळ आली का ते पाहिलं. “इथे झाडायला मलाच ठेवलंय. सरकारी नोकरी सुटली नाही माझी.”

“काका, मी त्यांना सांगितलं की मीच सांगायचो लांबी आणायला. मी सांगितलं. त्यांनी—”

“ऐकलं मी. तिथेच होतो ना मी, पिंजऱ्यात. तू चांगलं बोललास. एकदाही अडखळला नाहीस.”

त्याने मांडीवरची पिशवी सरळ केली.

“नवी शिळा करताहेत म्हणे,” काका म्हणाला.

“हो.”

“माझ्याबद्दल काय आहे तिच्यावर?”

त्याने ओळ म्हणून दाखवली. “‘शत्रूच्या हस्तकाने विध्वंस केलेल्या मूळ शिळेच्या जागी.’”

“नाव?”

“नाव नाही.”

“बरं झालं. बहीण वाचेल कधीतरी.” काका जरा पुढे सरकला आणि आवाज उतरवून, ताडपत्रीच्या आत बोलायचा तसं बोलला. “हे बघ. पाण्याचं भांडण आज ना उद्या मिटतं. पाणी काय, दोघांनाही लागतं. मग हे पुन्हा गळ्यात गळे घालतील. मग तो मजकूर नको होईल त्यांना. बरोबर? आणि मजकूर गेला की हस्तकही गेला. मग मला कशाला ठेवतील? धाडून देतील पलीकडे, सदिच्छा म्हणून. बहीण आहे तोवर झालं म्हणजे बरं.”

“होईल, काका.”

“म्हणून म्हणतो, उथळ कोर. निघायला सोपं जाईल असं. एक दिवसही वाया नको जायला.”

नवी शिळा त्याच्याकडे आलेलीच नव्हती. ती राजधानीत यंत्राने कापली होती, अक्षरं बोटभर खोल, आणि पुन्हा कुणी घासू नये म्हणून त्यांत पोलाद ठोकून भरलं होतं. ती चौकात बसवून झाली होती. येताना बस तिच्या बाजूनेच वळली होती.

“उथळच कोरतो,” तो म्हणाला.

“नखाएवढं.”

“नखाएवढं.”

काकाने मान हलवली, समाधानाने. मग शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं, आणि काकाने जाळीपलीकडून विचारलं की पिशवीत भाकरी आहे का. होती. शिपायाने ती मोडून आत पाहिलं, वास घेतला, आणि सोडून दिली.